दिव्यावरची काळी टेप

"भावोजी, हे गेले..." वहिनींचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. गाझियाबादला दादाच्या घरी पोहोचलो तर नातेवाईक जमलेले, आणि जो तो माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणत होता, "आजाराचं त्यांना कळू दिलं नाहीस, बरं केलंस." महिना झाला. आज लिहून टाकतो. बरं नाही केलं.

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही दोघे भाऊ वाढलो. पुढे वडिलांसारखाच दादाही केंद्र सरकारात लागला. आठवडाभर फायली उपसायचा आणि रविवारी कुणाच्या तरी गाडीचं बोनेट उघडायचा. माझ्या जुन्या गाडीत इंजिनचा पिवळा दिवा लागायला लागला. ऑक्सिजन सेन्सर गेला, असं मेकॅनिक म्हणाला. करोल बागेतून नवा आणून बसवला, तरी आठवड्यात दिवा हजर. वैतागून मी त्यावर काळी टेप चिकटवली. एकदा दादा शेजारी बसला आणि त्याने ती नखाने सोलून काढली.

"गधड्या, दिवा झाकला की बिघाड जातो?"

"यार दादा, गाडी चालतेय ना!"

"चालतेय. पण काहीतरी सांगतेयही. ऐकून तर घे."

त्याने मल्टिमीटर लावला. सेन्सर गरम ठेवणाऱ्या हीटरच्या तारेत करंट कधी यायचा, कधी नाही. दादा एकेक इंच तार हलवून बघत गेला. एका जागी, तापलेल्या सायलेन्सरच्या नळीला टेकून तिचं आवरण वितळलं होतं, आत तांबं तुटत आलं होतं. तिथे हलवलं की आकडा शून्य. त्याने तार जोडली, सोल्डरने डाग दिला, नवी क्लिप लावून ती नळीपासून लांब बांधली. "सेन्सर बिचारा निर्दोष होता," म्हणाला.

एवढं बघूनही, त्याच्या पोटाचा रिपोर्ट आला तेव्हा मी तो फाइलमधून काढून घेतला. "अल्सर आहे दादा, बिल्कुल बरा होशील." तीन आठवडे हेच सांगत राहिलो. शेवटी त्याने डॉक्टरांनाच विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "इथेही टेप लावलीस?"

त्यानंतर नऊच दिवस मिळाले. आमचं जुनं क्वार्टर एकदा बघायचं होतं त्याला. तोवर उठून बसण्याचीही ताकद उरली नव्हती... तीन आठवड्यांपूर्वी तो जिना उतरू शकत होता.

परवा दिवा पुन्हा लागला. सगळे म्हणतात, गाडी विकून टाक. नाही विकणार. दिव्याच्या काचेवर टेपच्या चिकटाचा चौकोनी डाग आहे, तोही पुसणार नाही. दादाचा मीटर वहिनींकडून मागून आणलाय. रविवारी मीच तार तपासणार आहे. आणि यापुढे कुणी "बरं केलंस" म्हणालं, तर त्याला सांगणार आहे, दादाला कळलं होतं. उशिरा कळलं, माझ्यामुळे.