बारा आंगठ्यायचा अर्ज

अर्ज लिवला तवा तिथं इतके जन होतो. मी. माह्या मांडीवर माही पोट्टी, चार सालाची. म्हातारी दाई, जिच्या हातानं वस्तीतले सारे लेकरं झाले. आमच्यातलाच मास्तर, नवानवा सरकारी शायेत लागलेला. अन् माह्यासंगं जिनात काम करनाऱ्या दहा बाया. पोट्टीचा बाप नव्हता, तो भट्टीवर होता. नाव मी कोनाचं सांगत नाही. त्या दिवशी बी कोनी सांगतलं नाही, अन् तेच भोवलं.

जीन म्हंजे कापसातून सरकी काढाचा कारखाना. अकोटात लय होते. आमची वस्ती एका जिनाच्या मांगं, भितीले भीत लागून. आमी बाया रेच्यावर, म्हंजे सरकी काढाच्या यंत्रावर, कापूस टाको, गडी गाठोडे उचलत. माहा नवरा भट्टीत जायन टाके. त्या भट्टीच्या वाफेवर सारं जीन चाले. पयले कोयसा येत होता. मंग शेठ म्हने कोयसा महाग झाला, अन् सडकी सरकी, तेलाचे चिंधोटे, झाडलोटीचा कचरा भट्टीत जायाले लागला. चिमनी बुटकी. हिवाऱ्यात धुपट वर जाये नाही, आमच्या घरात बसे. भाकरीवर काजयी, पान्याच्या गुंडावर काजयी, लेकरायच्या नाकात काजयी.

पोट्टीच्या छातीत शिट्टी वाजे. दुरून आयकू येत होती. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तं डॉक्टर म्हने, हिले धुपटापासून दूर ठेव. मी इचारलं, दूर म्हंजे कुठं? तो दुसऱ्या बाईले पाहाले निंघून गेला.

मास्तरानंच सांगतलं की अकोल्यात एक जीन आता विजेच्या मोटरीवर चालते, तिथं धुपटच नाही. अकोटात बी विजेचे खांबे बजारापावतर आले होते. तिथून जीन काही लांब नव्हतं. मास्तर म्हने आमदाराले अर्ज करा. इलेक्शनच्या वक्ती आमदार वस्तीत आला होता, दाईच्या बाजेवर बसून च्या पेला होता. म्हने, माय, काही लागलं तं कागद धाडजो, मी तुमचाच हावो. दाईनं ते ध्यानात ठेवलं होतं.

पोट्टीच्या बापाले मी जेवताना सांगतलं. तो म्हने,

"वीज आली तं भट्टी जाते. भट्टी गेली तं माहं काम जाते. समजते काय तुले?"

"समजते."

"मंग?"

"पोट्टी चालली, हे तुमाले समजते काय?"

त्यानं भाकर पुरी खाल्ली, हात धुतले अन् कामावर गेला. नाही म्हनला नाही. तेवढ्यावरच मी अर्ज केला.

मास्तरानं चांगला लिवला. भट्टी बंद करा, जिनाले वीज द्या, नाही तं चिमनी तरी उंच करा. मंग नाव लिवाले बसला, तं गाडी अडली. आमच्यात बाईनं नवऱ्याचं नाव तोंडातून काढाचं नाही. काढलं तं त्याचं आयुष्य कमी होते म्हनत. घरातले देव सोडून दोन-तीन साल झाले होते, नवा धर्म घेतला होता, पन हे काही सुटलं नव्हतं. अन् स्वताचं नाव माहेरी राहून गेलेलं. सासरी कोनी त्या नावानं हाकच मारे नाही. मास्तर इचारे, नाव? तं एक सांगे, निंबाजवळची. दुसरी सांगे, मोठ्याची माय. तिसरी तेल्हाऱ्याहून आली म्हनून तेल्हारावाली. माहं होतं भट्टीवाल्याची. दाई म्हने, "लिव रे बापा, सारं गाव आमाले ह्याच नावानं वयखते. आमदार का गावाच्या बाहीरचा हाये?" मास्तरानं लिवलं. तो पोरगेलाच होता, बायायसमोर लाजला असन. खाली बारा आंगठे उठले.

अर्ज घेऊन मास्तर याले तयार नव्हता, त्याची नोकरी सरकारी. दाईचे गुडघे धरले होते. ती म्हने, तू जाय, अन् पोट्टी संगं घे. आमदाराले तिची छाती आयकू दे. मंग मी अन् पोट्टी यष्टीनं अकोल्याले गेलो. रस्त्यात दोन डाव दम कोंडून ती निई पडली. एका बाईनं खिडकीची जागा देल्ली.

आमदार बंगल्यात होता, बाहीर आला नाही. वसरीत मुनशी बसला होता, त्याच्यापाशी मतदाराच्या याद्या. त्यानं अर्ज वाचला अन् हासला. मंग आमच्या वस्तीची यादी काहाडून बोट फिरवलं. म्हने, ह्या बाराच्या बारा यादीत नाहीत. तवा मले समजलं. पयल्या इलेक्शनच्या आंधी यादीवाला दारोदार आला होता, त्याले बी आमी हेच नाव सांगतले होते. निंबाजवळची, मोठ्याची माय. वरून हुकूम आला की असे नाव खोडा, अन् त्यायनं खोडले. मत द्याले गेलो तवा आमाले वापस लावलं होतं. आमी समजलो नवऱ्याचं मत पडलं म्हंजे दोघायचं झालं. त्याच्या पुढच्या इलेक्शनले कोनी गेलंच नाही.

मुनशी म्हने, "ज्याचं मत नाही त्याचा अर्ज कसा? बरं, नवऱ्याचं नाव सांग. त्याचं यादीत असन, तं त्याच्या नावानं घेतो."

पोट्टी मांडीवर होती, शिट्टी वाजतच होती. नाव माह्या जिभीवर आलं. मी तोंड उघडलं अन् मिटलं. वाटलं, रोज आगीपुढं उभा राह्यनारा मानूस, त्याच्यावर आनखी आपलं पाप कशाले? मुनशीनं घडीभर वाट पाह्यली. मंग अर्ज खालच्या ढिगात टाकला अन् पुढच्या मानसाले बोलावलं. मी तिथंच बसून राह्यली. शेवटी शिपाई म्हने, बाई, लेकराची शिट्टी साहेबाले आयकू जाते, बाहीर बस.

पंधरा-वीस दिवसांनी जिनाच्या फाटकात मुकादम उभा होता. त्याच्या हातात आमचाच अर्ज. आमदाराच्या घरून तो चौकशीसाठी शेठकडे आला होता. मुकादमानं मोठ्यानं वाचलं, निंबाजवळची, बाजूले हो. मोठ्याची माय, बाजूले हो. त्याले कोनाले इचारा नाही लागलं, बराबर त्याच बाया त्यानं काहाडल्या. बारावं नाव दाईचं. ती जिनात कामालेच नव्हती, तं तिचा नातू काहाडला. आमदाराकडे जे नाव चालले नाही, ते फाटकावर चालले.

बाया मले काय काय बोलल्या ते लिवत नाही. निंबाजवळचीच्या घरी तीन लेकरं होते. ती माह्या दारापुढून जाताना थुंके. दाई तेवढी येत राह्यली. पोट्टीच्या छातीले तेल चोये अन् मले म्हने, "काहून वं, मुनशीपुढं तुही जीभ काय गहान होती?" नातवाचं काम गेलं होतं, तिनं बोलाचंच होतं.

पोट्टीच्या बापाले शेठनं ठेवलं. भट्टीवर तयार मानूस लवकर भेटत नाही. फक्त बोलावून सांगतलं, बायकोले आवर. त्यानं घरी येऊन मले तेवढंच सांगतलं, "शेठ म्हने बायकोले आवर."

पुसात थंडी वाढली, धुपट खाली बसलं. पोट्टी चौथ्या दिवशी गेली, सकायच्या पहारी. तिनं पानी मांगतलं. मी गुंड उचलून आनला, तवर शिट्टी बंद झाली होती. मले वाटलं बरं वाटलं तिले. पेला तोंडाले लावला तवा समजलं.

माती देऊन तिचा बाप परत भट्टीवर गेला, आग इझू देता येत नव्हती. दुसऱ्या दिवशी म्युनशिपालटीचा कारकून दारी आला, मेलेल्यायची नोंद कराले. पोरीचं नाव इचारलं, मी सांगतलं. बापाचं नाव इचारलं. मी सांगतलं. एकाच दमात निंघालं, पुरं, त्याच्या बापाच्या नावासगट. वाटेत बाया उभ्या होत्या, त्यायनं आयकलं. कारकुनानं लिवलं अन् गेला.

तो मानूस त्याच्यानंतर तीस-बत्तीस साल जगला. म्हातारा होऊन, दात पडून, बाजेवर गेला. माह्या नाव घेतल्यानं त्याचं काही झालं नाही. वीज बी आली जिनाले, कोनाच्या अर्जावर नाही, शेठले मोटर सवस्ती पडली तवा. भट्टी थंडी झाली तं त्याले शेठनं फाटकावर बसवलं.

हे मी नातीकडून लिवून घेऊन राह्यली. माही एकच इनंती हाये. तुह्या घरात जी बाई असन, माय, सून, भाडेकरीन, कामवाली, तिचं पुरं नाव मतदाराच्या यादीत हाये का नाही, ते आजच जाऊन पाहाय. नसन तं टाकून घे.