मेहरुनआपा आणि रिकाम्या जागा

मेहरुनआपा गेल्याचा फोन रुग्णालयात आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. सकाळी उठून केस विंचरताना त्या कोसळल्या आणि डॉक्टर घरी पोहोचण्याआधीच सगळं संपलं, असं त्यांच्या दिराने सांगितलं. दफन दुपारच्या नमाजनंतर होतं. बायकांच्या वॉर्डात मी एकटीच नर्स होते आणि दोन वाजता मला सोडवायला येणार होत्या त्या आपाच. दुसरीकडून कोणी मिळेपर्यंत पाच वाजले. मी त्यांच्या घरी पोहोचले तेव्हा पुरुषमंडळी कबरस्तानातून परतलीही होती... मला त्यांचा चेहरा बघायला मिळाला नाही.

रत्नागिरीपासून एसटीने तासाभरावर असलेल्या त्या सरकारी रुग्णालयात मी १९९८ साली नोकरीला लागले. आपा तिथे आधीपासून होत्या. त्यांचे मियाँ बहारीनला नोकरीला. ते दर सुट्टीत म्हणायचे, तिकडे नर्सला मान आहे, चल. आमच्या हाताखाली शिकलेल्या मुली एकेक करून आखातात आणि मुंबईला गेल्या, त्यांच्या जागा तशाच राहिल्या. आपा मात्र गेल्या नाहीत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "मी गेले तर तू एकटी काय करशील गो?" मला तेव्हा बरं वाटलं होतं.

एका दुपारी आपा बाळंतपणाच्या खोलीत होत्या. बाळाचं डोकं बाहेर आलेलं, खांदा अडकलेला. तेवढ्यात आयाबाई धावत आली. सकाळी बाळंत झालेल्या एका बाईच्या अंगावरून खूप रक्त जात होतं. आपांना हात सोडता येईना. "तिचं पोट चोळत राहा, डॉक्टरांना बोलव," एवढंच त्या ओरडून सांगू शकल्या. डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकलेले. अडकलेलं बाळ रडलं, पण आपा वॉर्डात पोहोचल्या तोवर उशीर झाला होता. त्या बाईला गाडीत घालून रत्नागिरीला नेलं, ती वाटेतच गेली. नवरा मुंबईला होता. चार दिवसांनी तिची सासू बाळाला लस द्यायला घेऊन आली आणि आपांचा हात धरून म्हणाली, "बाय, तुमी तरी किती ठिकाणी पुरणार?" ती भांडली असती तर आपांना सोपं गेलं असतं. त्या दिवशी पायरीवर बसून मला म्हणाल्या, "हात काढला असता तर ते पोर गेलं असतं, सुलू. नाही काढला, तर ती गेली..."

त्यानंतर आपा अर्ज लिहू लागल्या. दर अर्जात तेच: चार जागा मंजूर, दोघीच हजर. एकदा आम्ही दोघी सुट्टी टाकून जिल्ह्याच्या कार्यालयात गेलो. साहेबांनी चहा पाजला, नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुमचं म्हणणं खरं आहे. पण भरती बंद आहे, मी माणूस आणू कुठून?" त्यांच्यावरही रागावता येईना. परतताना एसटीत आपा खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. "सगळेच भले आहेत गो," एवढंच म्हणाल्या.

शेवटच्या वर्षी त्यांचं डोकं सारखं दुखायचं. मीच त्यांचा रक्तदाब मोजला, आकडा बघून घाबरले आणि रजा घ्या म्हणून मागे लागले. पुढच्या सोमवारपासून घेते, म्हणाल्या. त्याच आठवड्यात माझ्या मुलीला टायफॉइड झाला. मी घरी राहिले आणि माझ्याही ड्युट्या आपांनी केल्या. मी परत कामावर आले तेव्हा पुन्हा म्हटलं, आता तरी रजा घ्या. म्हणाल्या, "हो, हा आठवडा जाऊ दे." त्या आठवड्याच्या गुरुवारी त्या गेल्या. रजा मी आधी घेतली, हे मी कोणाला सांगत नाही. इथे लिहिते आहे.

आता ड्युटीचा तक्ता मी बनवते. गेल्या आठवड्यात पुढच्या महिन्याचा बनवला. त्यांच्या नावाची ओळ गाळायला हात धजला नाही, आणि ओळ कोरीही ठेवता येईना, दुपारी वॉर्डात कोणीतरी लागणारच. मग आपांच्या ओळीत मी माझं नाव लिहिलं. त्याच्या खालच्या ओळीतही माझंच आहे.