साडभाऊंची शिल्लक रजा

आरोग्य विमा जगात फक्त दोघांना कळतो असं माझं मत आहे, एक विकणाऱ्याला आणि दुसरं भद्रावतीच्या माझ्या साडभाऊंना, म्हणजे बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याला. त्यातही साडभाऊंना तो जसा कळला, तसा विकणाऱ्याच्या बापालाही कळला नसेल. अख्खी नोकरी कारखान्यात हजेरीबाबू म्हणून गेली, लोकांच्या रजा लावण्यात हयात सरली. तेव्हा औषधं वसाहतीच्या दवाखान्यातून मिळायची. निवृत्तीबरोबर ते बंद झालं आणि मुलीने आईबाबा दोघांची मिळून एक पॉलिसी काढून दिली. झालं! पॉलिसी म्हणजे रजाच, हे साडभाऊंनी धरून टाकलं. न घेतलेली रजा साल संपलं की बुडते. म्हणून मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात हे गृहस्थ टॉवेल, साबण आणि तांब्या घेऊन एसटीने चंद्रपूरच्या दवाखान्यात भरती व्हायला निघायचे. काय त्रास होतो असं डॉक्टरांनी विचारलं, की म्हणायचे, "ते तुम्ही पाहा ना."

गोळ्यांचंही तेच. महागाची प्रेशरची गोळी अडकित्त्याने कापून अर्धीच घ्यायची, त्याला ते हाफ डे म्हणत. रविवारी गोळीला साप्ताहिक सुट्टी. मी राजुऱ्याहून खास समजावायला जायचो, आणि परतीच्या बसमध्ये चढताना माझी स्वतःची गोळी सकाळची की रात्रीची, हेच मला आठवेनासं व्हायचं. माणूस असा डोकं फिरवतो.

यंदा पॉलिसीचं नवं साल लागलं, त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. सकाळीच साडभाऊ छाती धरून खाटेवर बसले, अंगाला दरदरून घाम. मी ऑटो दारात आणला, तर हे खाटेची कड सोडेनात. "साल आत्ता लागलं, भाऊ. आतापासूनच सारी उडवली, त हिच्यासाठी काय राहीन?" म्हणाले. तेव्हा मला कळलं, हा चक्रमपणा कोणासाठी चालला होता. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मी नुसताच घाबरलो.

ताई, म्हणजे त्यांची बायको, चुलीपासून उठून आल्या. त्यांनी विमा समजावला नाही. पदराने त्यांचा घाम पुसला आणि म्हणाल्या, "मी जिंदगीत एक दिवस सुट्टी नाई घेतली. त्या साऱ्या जमा आहेत. माझ्या वाटच्या घ्या, अन् उठा आता."

साडभाऊंनी क्षणभर मनात हिशेब केला, आणि उठले.

वेळेवर पोचलो म्हणून वाचले. आता गोळी अख्खी घेतात, रविवारीही. विमा मात्र अजून कळलेला नाही. मागच्या खेपेला गेलो तर ताई अंगणात खुर्चीवर बसलेल्या आणि साडभाऊ चहा करत होते. मी विचारलं, तर म्हणाले, "हिच्या उसन्या घेतल्या ना, फेडून राह्यलो." चहा पाकासारखा गोड होता. ताईंनी तो पूर्ण प्यायला.