सातवा पत्रा

आमच्या ह्यांची आठवण हळूहळू जाणार असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात अशा काही शिव्या घातल्या की विचारू नका. ह्यांना कागदावर घड्याळ काढायला सांगितलं होतं. ह्यांनी गोल काढला आणि सगळे आकडे एका बाजूला कोंबले. बस, एवढ्यावरून? सगळी नोकरी सरकारी कारखान्यात पत्र्याच्या कामावर काढलेला इंजिनियर माणूस, त्याला बालवाडीतली चित्रं काढायला लावायची आणि वर मुलीच्या हातात फाईल द्यायची. हे तर त्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढायला तयारच नव्हते. मीही म्हटलं, नका चढू.

बंगळुरात येलहंक्याच्या आमच्या घराची स्लॅब पाझरत होती, म्हणून गच्चीवर पत्रे घालायचं ठरलं. मुलगी एचएसआर लेआउटला राहते, ती फोनवरून म्हणाली की सगळं काम कंत्राटदाराला देऊन मोकळे व्हा. मी हट्टाला पेटले. काम ह्यांनीच करायचं. माझं गणित सरळ होतं. पत्रे बरोबर बसले की डॉक्टर खोटा. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण त्या महिन्यात देवापुढे दुसरं काही मागितलंही नाही.

एका सकाळी दोघं टेप घेऊन वर गेलो. त्यांनी पूर्वेच्या कठड्याशी टोक धरलं, मी पश्चिमेला आकडा वाचला. एकवीस फूट. पुढून एकवीस, मागून एकवीस. मग त्यांनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी मापंही घ्यायला लावली, गच्ची वाकडी नाही ना हे बघायला. पत्रा साडेतीन फूट रुंद असला तरी एकाची कड दुसऱ्यावर चढते, त्यात तीन इंच जातात, दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच बाहेर सोडावे लागतात, हे सगळं त्यांनी मला समजावून सांगितलं. किती महिन्यांनी इतकं बोलत होते. मला तर नाचावंसं वाटत होतं.

मग जिन्यात बसून त्यांनी वहीत लिहिलं, रुंदी अठरा फूट.

मी पाहिलं. अगदी डोळ्यांनी पाहिलं. स्वतःला समजावलं की कडांचं काहीतरी वजा केलं असेल. चाळीस वर्षं संसारात आकड्यांचं मला कळत नाही हेच ऐकलंय, आणि ते ऐकून घेण्यात सुखही होतं माझं. पण खोटं कशाला बोलू? विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि तेच मला नको होतं. अठरा फूट ही आमच्या जुन्या क्वार्टरच्या मागच्या अंगणाची रुंदी. तिथे त्यांनी एकदा स्वतः शेड बांधली होती.

लोखंडी सांगाडा उभा करायला एक कन्नड मिस्त्री होता, साठीचा, शांत. त्याने सांगाड्याचं माप आपलं आपण घेतलं होतं. पत्रे मात्र ह्यांनीच मागवले, सहा. मिस्त्री माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला की अक्का, सहा पुरणार नाहीत बहुतेक, सारांना एकदा विचारा. मी काय म्हणाले असेन? सार म्हणतात तर सरी, म्हणजे ठीकच. अशी मी शहाणी.

पत्रे चढवायच्या दिवशी हे सकाळपासून खुर्ची टाकून वर बसले. पाऊस-वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून सुरुवात पूर्वेकडून करा, म्हणजे कडेखाली पाणी घुसणार नाही, असं मिस्त्रीला सांगितलं. स्क्रू उंचवट्यावर मारा, खाली रबर घाला. मिस्त्री मान डोलवत होता. पहिला पत्रा, दुसरा, तिसरा, एकाला एक चिकटून सरळ रेषेत. मी चहा देता देता त्या डॉक्टरांना काय काय सुनवायचं ते ठरवत होते. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती.

सहावा बसला आणि पश्चिमेला पावणेदोन फूट उघडं राहिलं.

हे उठले. जवळ जाऊन वर बघत राहिले. मग वळून विचारलं, "माप कोणी घेतलं?"

मिस्त्री माझ्याकडे बघायला लागला. वही खुर्चीवरच होती, त्यांच्याच अक्षरातली.

"मी," मी म्हटलं. "मी चुकीचं वाचलं."

पूर्वीचे हे असते तर गच्ची डोक्यावर घेतली असती. मी त्याचीच वाट बघत होते. पण त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, असू दे, होतं असं.

दुपारी मी स्वयंपाकघरात होते आणि हे बाहेर मुलीशी फोनवर बोलत होते, आवाज बारीक करून. "तुझ्या आईचं काही खरं नाही. साधा आकडा वाचता आला नाही तिला. तिला काही बोलू नकोस, घाबरेल. त्या डॉक्टरांकडे मीच नेतो."

सातवा पत्रा दोन दिवसांत आला आणि बसलाही. गच्ची आता कोरडी असते.

गुरुवारी ते मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. ऑटोवाल्याला स्वल्प सावकाश चालवायला सांगितलं, आणि मी घाबरू नये म्हणून सगळ्या वाटेत माझा हात धरून ठेवला. दवाखान्यात खिडकीतल्या मुलीने पेशंटचं नाव विचारलं. ह्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी त्यांच्या वारलेल्या बहिणीचं नाव सांगितलं. मुलीने ते लिहून घेतलं, आणि आम्ही बाकावर जाऊन बसलो.