घोडा ओवाळताना

चाबूकस्वार म्हणजे चाबूक मारणारा, असा आमच्या आप्तांचा पक्का समज होता. खरं तर कोऱ्या घोड्याला माणसाळवून स्वाराच्या स्वाधीन करायचं, हे त्याचं काम. चाबूक फार तर कमरेला. पण सांगणार कुणाला? आजोबा शिलेदार, वडील कचेरीत कारकून, आणि मी उलटा पुन्हा पागेत शिरलेला. राजवाड्यात मोटार आली तेव्हा वडिलांना कोण आनंद झाला! "आता तुझ्या घोड्यांना कोण विचारतंय?" म्हणाले. मला चिडायला तेवढं पुरे होतं.

बडोद्याच्या पागेत मी खराऱ्यापासून सुरुवात केली. लीद उचलली, चंदीचे चणे भिजवले, घोड्यांची अंगं चोळली. मग कधीतरी दोर हातात आला आणि घोड्याला गोल कावा द्यायला शिकलो. वस्ताद शाबासकी देत नसत. चुकलं की नुसते माझ्याकडे बघत राहत, आणि ते शिवीपेक्षा वाईट लागे. शेवटी त्यांनी एक कोरा काठेवाडी घोडा, तांबूस रंगाचा कुमैत, माझ्या एकट्याच्या हवाली केला. कानांची टोकं एकमेकांना टेकलेली, आणि स्वभावानं सावलीलाही बुजणारा.

पागेची एक रीत होती. कोरा घोडा ज्यानं तयार केला, त्याच्याच बायकोनं पहिल्या दसऱ्याला त्या घोड्याला ओवाळायचं. घोडा शांत उभा राहिला तर तो फौजेत जाई आणि तयार करणारा चाबूकस्वार होई. उधळला तर घोडाही मागे आणि माणूसही परत खराऱ्यावर. घरी वडील त्याचीच वाट बघत होते.

मी कुमैताची सगळी तयारी करून घेतली. ताशा झाला, बंदुकीचे बार झाले, फडफडती निशाणं झाली. हत्तीशेजारून नेला, तरी पठ्ठ्यानं पाऊल चुकवलं नाही. मला तर वाटायला लागलं होतं की वस्तादांनाच आता मी दोन गोष्टी शिकवाव्यात. घोडामैदान जवळच होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी बायको तबक घासत बसली होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ती डभोईची, कारकुनाघरची. घोडा पाहिलेला तो टांग्याला जुंपलेला. घासता घासता म्हणाली, "अहो, तुमच्या घोड्यानं बाईमाणूस पाहिलंय का कधी?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पागेत बाई कधी पाऊल टाकत नसे. बांगड्यांचा आवाज, लुगड्याची सळसळ, तोंडासमोर फिरणारी ज्योत, यातलं काही म्हणजे काही त्या जनावराला माहीत नव्हतं. हत्ती दाखवला आणि बायको राहिली!

संध्याकाळी फेरी मारायच्या निमित्तानं मी कुमैताला गावाबाहेर तरसालीच्या वाटेवर नेला. आई बायकोला घेऊन तिथं आली. बांगड्या किणकिणल्या तसे त्याचे कान टवकारले. ज्योत वर आली मात्र, तो असा गर्रकन वळला की त्याचा खूर तिच्या पावलाला चाटून गेला. तबक मातीत पडलं. पागेतल्या एका मोतद्दाराचा जबडा लाथेनं फुटलेला मी डोळ्यांनी पाहिला होता. तोच दिसायला लागला.

"उद्या तू येऊ नकोस," मी ओरडलो. "आजारी आहे म्हणून सांगतो. खरारा तर खरारा!"

ती सुपाऱ्या वेचत होती. एकेक पुसून तिनं त्या परत तबकात मांडल्या. तिचं ते मांडणं मला मुळीच आवडलं नाही.

सकाळी मी पागेत पोचलो तेव्हा ती आईबरोबर दाराशी उभी होती. माझी पाचावर धारण बसली. कुमैत झेंडूच्या माळा घालून सजला होता. पागेतली माणसं एका बाजूला, वडील आणि नातलग दुसऱ्या बाजूला. ती पुढं आली तशी मी लगामाजवळची दोरी आवळून मुठीत घट्ट धरली. घोडा नाकपुड्या फुलवून मागे सरकायला लागला. मी आणखी आवळली.

"अरे भाई, दोर ढिली मूक ने," वस्ताद हळूच गुजरातीत म्हणाले.

दोरी आवळली की घोडा जास्तच बुजतो, ती ढिली सोडायला हवी, हे मला कळत होतं. शिकाऊ पोरांना मी स्वतः हेच सांगत आलो होतो. पण सोडल्यावर घोडा उधळला तर तो तिच्याच अंगावर जाणार होता, आणि माझी मूठ काही केल्या उघडेना.

चार माणसांत, सासऱ्यांसमोर, माझ्याशी कधी अवाक्षर न बोलणारी ती म्हणाली, "अहो, सोडा. मी उभी आहे."

मी सोडली.

घोड्यानं मान खाली घातली. तिच्या पदराचा वास घेतला, मग हाताचा. तिनं सावकाश कुंकू लावलं, ज्योत बाजूनं वर आणली आणि ओवाळलं. त्याची कातडी थरथरली, पण पाय जागचे हलले नाहीत. वस्तादांनी आपल्या कमरेचा चाबूक काढून माझ्या हातात दिला. घरी निघताना वडिलांनी हात पुढं केला आणि तो चाबूक नीट बघून घेतला.

दुपारी ती पानं वाढत असताना मी तिला विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली की," ती म्हणाली. "पण घोडा घाबरलेला, तुम्ही घाबरलेले. कुणीतरी एकानं उभं राहायला नको?"