शटर जड नव्हतं

"मिस्त्री, हे शटर बदलूनच टाक. लय जड झालंय," नाना म्हणाले. द्वारका चौकात त्यांचं ताडपत्री-दोरखंडाचं दुकान. आमची जुनी ओळख. शटर अर्ध्यावर अडलेलं, आणि नाना स्टुलावर बसून धापा टाकत होते.

मी शटर रिपेरिंग करतो. शाळा चौथीपर्यंत. शटरच्या वरच्या गुंडाळीत स्प्रिंग असते. वजन ती उचलते, माणूस नुसता हात लावतो. स्प्रिंग ढिली पडली की शटर जड. बाजूच्या पट्ट्या वाकल्या तरी अडकतं. मी दोन्ही बघितलं. मग एका हाताने ढकललं. सरसर वर गेलं.

"शटर ठणठणीत आहे, नाना. तुम्ही बिघडलात."

"तू मिस्त्री का डॉक्टर?"

"छातीचं काही सांगितलंय का कुणी?"

नानांनी कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाले, "झडप अरुंद झालीय म्हणाले होते. परत तपासायला बोलावलं होतं. पण कोलेस्टेरॉलची गोळी रोज घेतो. त्याचा रिपोर्ट नॉर्मल आला. मग कशाला जायचं?"

मी खालीच बसलो. माझी बायको सुमन, तिचाही कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नॉर्मल होता. जिना चढताना म्हणायची, "पायऱ्या कुणी उंच केल्या?" डॉक्टरांनी आम्हाला साफ सांगितलं होतं. हृदयातून रक्त बाहेर जातं, त्या दाराची ही झडप. तिच्यावर चुन्यासारखा थर बसतो, मग ती पुरती उघडत नाही. गोळी रक्तातली चरबी कमी करते. ते तिचं काम. झडपेचं अरुंद होणं तिने थांबत नाही. फार झालं की झडप बदलायची. सुमन म्हणाली, लेकीचं बाळंतपण उरकू द्या. बाळंतपण उरकलं. सुमन राहिली नाही.

हे सगळं नानांना सांगितलं. गोड करून सांगता येत नाही मला.

"घाबरवतो का रे?"

"हो. उद्या टू-डी इको करा, हृदयाची सोनोग्राफी. नाही गेलात तर शटर काढून नेतो."

"आणि दुकान?"

"राहील उघडं."

नाना हसले. हसतानाच धाप लागली. त्या धापेनेच त्यांना पटलं असावं.

गेले. झडप फारच अरुंद निघाली. बदलली. गोळी मात्र डॉक्टरांनी चालूच ठेवली. परवा फोन आला, "मिस्त्री, शटर काय हलकं केलंस!" स्प्रिंगला मी हात लावलेला नव्हता.

तेव्हा शटर जड वाटलं तर मला बोलवा. मी शटर ठीक म्हणालो तर दवाखाना गाठा. आमच्या जिन्याच्या पायऱ्या अजून तेवढ्याच उंच आहेत.