वैनीनं पुढं सरकवलेली भाकर

वैनी गेली तवा घरात आमी एवढी जणं होतो: मी, म्हंजी तिची नणंद राहेल, जिला ती चिमी म्हणायची; तिची लेक मार्था, जावई शिमोन, आन शेजारची सुमनताई, दूध द्यायला आली ती तिथंच बसून राहिली. भिसेगावातलं हेच घर. वैनीनं डोळं उघडलं, माझ्याकडं बघितलं न म्हणली, "चिमे, जेवलीस का गं?" मी म्हणलं, जेवले. "खोटं बोलतीस," म्हणली... आन मंग काय बोलली नाय. त्याला आता काही आठवडे झाले. मधी ईस्टर येऊन गेला. माझी शाळा दुसरीपतोर, हात थरथरतो, मनून मी सांगते न मार्थाची सून लिहून घेते.

आमची पाच घरं ख्रिस्ती. आजा नगराकडनं सडकेच्या कामाला आला तो इथंच ऱ्हायला. वैनीचं नाव सारा. लग्नात पाळकसायबांनी इचारलं, सुखात-दुखात याला साथ देशील का, तर ही म्हणली, "बघू की." सगळं देऊळ हसलं. माझा भाऊ याकोब लाजून लाल. मला नवऱ्यानं टाकली, मी माहेरी परत आले, तवा लोक दारात उभं राहून कीव करायची. वैनीनं माझ्या हातात पाटी दिली न म्हणली, खाणीवर बायांना काम हाय, उद्यापासनं चल, रडायचं असंल तर चालता चालता रड.

ती खाण खालापूरच्या वाटेवर, डोंगराच्या पायथ्याला. जर्मनच्या लढाईची वर्सं होती. याकोब तिथं पहार मारायचा, आन त्याचा दोस्त महादू सुरुंग पेटवायचा. दोघांचं लई जमायचं. महादू आमच्या अंगणात यायचा, हसायचा, पन पानी घ्यायचा नाय. तो कुणब्याचा, आमी कोण ते समद्यांना ठाऊक. वैनी त्याला भावजी म्हणायची न टोमणा मारायची, "तुमचा देव आमच्या माठाला भितो का वो?" तो नुसता मान खाली घालायचा. सुरुंग लावला की महादूनं तीनदा ओरडायचं, खाली वाकून बघायचं, मंग वात पेटवायची, अशी रीत. त्या दिवशी तो ओरडला, पन वाकून बघितलं नाय. याकोब खाली पहार काढायला गेला होता...

माती दिली तवा महादू कबरस्थानाच्या कुंपणाभाईर उभा होता. कुनी त्याला आत ये म्हणलं नाय, जा पन म्हणलं नाय. नंतर त्यानं खाण सोडली. आमाला सोडून चालणार नव्हतं. मार्था अंगावर पीत होती. वैनी न मी त्याच खाणीत खडी फोडायचो. रेशनचा तांदूळ किडका, तो पन पुरायचा नाय. नाचनीची आंबील, पावसाळ्यात टाकळ्याची भाजी. ते काय सांगायचं, समद्यांचंच तसं होतं. वैनी खडी फोडताना तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. मला वाटायचं प्रार्थना करती. एकदा जवळ बसले तर ऐकू आलं, हर घावाला महादूचं नाव घेत होती.

आमच्याकडं पाळकसायेब ईस्टर न नाताळालाच यायचे, मनून प्रभुभोजन, म्हंजी देवळात भाकर न द्राक्षरस घ्यायचा, ते पन तेवढंच. भाकरीचं ताट फिरवायच्या आदी ते सांगायचे, कुनाबद्दल मनात अढी असंल तर आदी जाऊन समेट करा, मंग या. समदी माना डोलवायची न भाकर घ्यायची. याकोब गेल्यावर पहिल्याच ईस्टरला वैनीपाशी ताट आलं. तिनं न घेता माझ्याकडं सरकवलं. नाताळाला तेच. पुढल्या वर्सी तेच. बाया म्हणायच्या, हिला लई शानपन आलंय. पाळकसायेब घरी आले. समजावलं, बाई, हे भोजन पाप्यांसाठीच हाय, तारण फुकट मिळतं, ते तुमच्या चांगुलपनावर नाय. वैनीनं ऐकून घेतलं. म्हणली, "सायेब, मी रोज सकाळी उठते ती त्याला शिव्या देत उठते. त्याच तोंडात ती भाकर कशी घालू?"

तिला भाकर नको होती असं नाय. ताट पुढं गेलं की ती त्याच्याकडं बघायची, उपाशी पोर बघतं तशी. मला ते बघवायचं नाय.

मंग तो ईस्टर आला. ईस्टर म्हंजी प्रभू कबरीतनं उठला तो दिवस; आमची रीत अशी, की उजाडायच्या आदी समद्यांनी कबरस्थानात जायचं, कबरींवर दिवे लावायचे, आन सूर्य वर आला की पाळकसायबांनी म्हणायचं, प्रभू उठला हाय, आन आमी म्हणायचं, खरोखर उठला हाय. त्या दिवशी समदी म्हणली. वैनी याकोबाच्या कबरीपाशी बसली होती, तिचं तोंड मिटलेलं. उठली, मार्थाला कडेवर घेतलं न निघाली. देवळाकडं नाय, खालापूरच्या वाटेला. मी मागनं पळाले. कुठं चाललीस गं? तर म्हणली, "महादूला मी गाडून ठेवलंय चिमे. जिवंत मानसाला. मी कुनाला उठला म्हणू?"

महादूच्या वाडीवर पोचलो तवा ऊन चढलं होतं. तो शेतात राब भाजत होता, पालापाचोळा पेटवून धुरात उभा. वैनीला बघून हातातली काठी खाली टाकली. बायको हिरा झोपडीतनं पळत आली, तिला वाटलं भांडायला आलो. वैनी म्हणली, भावजी, त्या दिवशी काय झालं ते मला तुमच्या तोंडनं ऐकायचंय, कुनी मला धड सांगितलंच नाय. त्यानं सांगितलं. ठेकेदाराची घाई होती, हे पन सांगितलं, मंग लगेच म्हणला, "पन वाकायला किती येळ लागतो, वैनी. मी वाकलो नाय."

वैनी खाली बसली. रडली नाय. म्हणली, "रोज मारते तुमाला. रोज तुमी परत उभे. दमले मी, भावजी." आन मंग, "चला. देवळात, पाळकसायबांची आगगाडी सुटायच्या आदी."

हिरा म्हणली, आमचं तिथं काय काम? वैनी म्हणली, मला एकटीला जायला तोंड नाय.

आमी परत आलो तवा दुपार झालेली. पाळकसायबांनी गाडी जाऊ दिली होती, माझ्या बापानं, बापूनं, त्यांना बसवून ठेवलं होतं. महादू न हिरा पायरीवर बसली. आत ताट फिरलं, वैनीनं भाकर घेतली, द्राक्षरसाचा घोट घेतला. मंग घरी पंगत बसली. महादू दाराशी घुटमळला. बापूचा पोरगा गेलेला, तरी म्हातारा सरकला न शेजारी जागा दिली. महादू बसला. वैनीनं तांब्या पुढं केला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला न आमच्या घरचं पानी प्याला, भात खाल्ला. त्याला ठाऊक होतं याचं काय होणार. भावकीनं त्याला लग्नकार्यातनं तोडलं, विहिरीवर बोल लावले. तरी पुढल्या ईस्टरला तो आला, त्याच्या पुढल्यालाही. मंग पोरांना घेऊन कल्याणकडं गेला, आन त्याचा पत्ता लागला नाय.

लई वर्सांनी मी वैनीला इचारलं, तारण तारण म्हणत्यात ते नक्की काय गं? ती तांदूळ निवडत होती. म्हणली, पाळकांना इचार. मंग म्हणली, "आदी मला याकोब दिसायचा तो दगडाखालीच. त्या दिवसापासनं दिसतो तो हसताना दिसतो, जेवताना दिसतो. मला एवढंच कळतं." मला बी त्याच्याहून जास्त कळत नाय.

आता हे वाचनाऱ्याला एक सांगणं. खालापूरच्या वाटेवरच्या वाडीतनं कल्याणकडं गेलेला महादू, बायकोचं नाव हिरा. ती दोघं आता नसतील. पन त्यांची पोरं, नातवंडं तुमच्या वळखीत असली तर त्यांना निरोप द्या, सारावैनी गेली. सांगा, ती जाईपतोर तुमच्या बापाला भावजीच म्हणायची. आन पुढल्या ईस्टरला भिसेगावात जेवायला या म्हणावं.